खानदेशचे ऊन आणि आपली माणसे

(वर्षावासानिमित्त विहारात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानासाठी विषय कोणता घेणार, असे समितीच्या मंडळींनी मला विचारले तेव्हा मी 'पर्यावरण' असे सांगितले. त्यावर एकजण म्हणाले, "भाऊ, ते शाळेतल्या निबंधाचे झाले. आपल्या लोकांसाठी काहीतरी सामाजिक घ्या." त्यांचा रोष पत्करून मी हाच विषय ठेवला. याचे कारण असे की ऊन, पाऊस, वारा या गोष्टी सामाजिक नाहीत असे आपल्याला वाटते, आणि हे वाटणेच मला तपासून पाहावयाचे आहे. मी काही शास्त्रज्ञ नाही. कला शाखेचा पदवीधर आणि बँकेतला कारकून आहे. वाचलेले आणि काउंटरच्या अलीकडून पाहिलेले, एवढेच माझे भांडवल.

प्रथम आपल्या उन्हाविषयी. जळगाव, भुसावळ, रावेर, इकडे धुळे, शिरपूर या भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जाणे कोणालाही नवीन नाही. किंबहुना आपल्याला त्याचा थोडा अभिमानच आहे. पुण्या-मुंबईचा पाहुणा एप्रिलमध्ये आला आणि घामाघूम झाला की आपण हसून म्हणतो, "हे काहीच नाही, मे महिन्यात या." वडीलधारी माणसे तर विषयच संपवतात. "ऊन काय आजचे आहे? आम्ही १९७२ च्या दुष्काळात याच उन्हात खडी फोडली, सुकडी खाल्ली आणि जगलो." त्यांचे म्हणणे खरे आहे. ते जगले. जे जगले नाहीत ते आज येथे बोलायला नाहीत, एवढीच त्या युक्तिवादातली उणीव आहे.

पण अलीकडे एक गोष्ट घडली, तिच्याकडे आपण पुरेसे लक्ष दिले नाही. २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस जळगाव जिल्ह्यात प्रशासनाने कलम १४४ लागू केले. त्या वेळच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले हे कलम आपल्या वस्त्यांना चांगले परिचयाचे आहे. दंगल, मोर्चा, तणाव असला की ते लागते. त्या वर्षी ते लागले उन्हासाठी. भर दुपारी कामगारांना उन्हात राबवू नये, त्यांच्यासाठी सावलीची सोय करावी, शिकवणीच्या वर्गांनी दुपारच्या वेळेबाबत बंधने पाळावीत, अशा स्वरूपाचा तो आदेश होता. पेपरात बातमी आली, दोन दिवस चर्चा झाली आणि पाऊस पडल्यावर सगळे विसरले. मला मात्र वाटते की आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात हा आदेश नोंदवून ठेवण्यासारखा आहे. दुपारचे ऊन हे मजुराच्या जीवावर बेतणारे संकट आहे, हे शासनाने कागदावर मान्य केले. तो किती ठिकाणी पाळला गेला हा प्रश्न वेगळा. वीटभट्टीवर, रस्त्याच्या कामावर, केळीच्या बागेत त्या दिवसांत दुपारी कोण काम करीत होते, ते येथे बसलेल्यांपैकी अनेकांना मी सांगण्याची गरज नाही.

आता हे ऊन वाढते आहे म्हणजे नक्की काय होते आहे, ते थोडक्यात सांगतो. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळले की कार्बन डायऑक्साइड नावाचा वायू हवेत जातो. जमिनीवरून परत जाणारी उष्णता हा वायू अडवून धरतो. हे काही आजचे संशोधन नाही. स्वीडनच्या अऱ्हेनियस या शास्त्रज्ञाने १८९६ मध्येच या वायूमुळे पृथ्वी किती तापेल याचे गणित मांडले होते. १९५८ पासून हवाई बेटावर माउना लोआ या पर्वतावर या वायूचे रोज मोजमाप होते. सुरुवातीला हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता, आता ४२० च्या वर गेला आहे. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी तो सुमारे २८० होता.

मी बँकेत असल्यामुळे मला हे एखाद्या खात्यासारखे दिसते. माणूस दर वर्षी जेवढा वायू जमा करतो, त्यातला साधारण निम्मा समुद्र आणि झाडे काढून घेतात. उरलेला शिल्लक राहतो, आणि ही शिल्लक वर्षानुवर्षे हवेत राहते. त्यामुळे या वर्षी कमी जमा केले म्हणून खाते रिकामे होत नाही, ते फक्त थोडे सावकाश फुगते. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीप्रमाणे २०२४ हे मोजमाप सुरू झाल्यापासूनचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. कारखानदारीपूर्व काळाच्या सरासरीपेक्षा सुमारे दीड अंशाने अधिक. कोणी म्हणेल, दीड अंश म्हणजे काय मोठे? पण ही संपूर्ण पृथ्वीची, समुद्र धरून, बारा महिन्यांची सरासरी आहे. सरासरी थोडी सरकली की टोकाचे दिवस पुष्कळ वाढतात. ज्यांची खाती कायम किमान शिलकीच्या काठावर असतात त्यांना हे लगेच समजेल. पन्नास रुपये कमी पडले तरी दंड लागतो.

हा वायू जमा केला कोणी? अमेरिकेतला माणूस वर्षाला सरासरी १४ टनांच्या आसपास हा वायू हवेत सोडतो, भारतातला माणूस सुमारे २ टन. ही दोन टनही सरासरीच आहे. वातानुकूलित बंगला आणि दोन मोटारी असलेला माणूस तिच्यात आहे, आणि रावेर तालुक्यातली, घरात दोन बल्ब असलेली शेतमजूर बाईही तिच्यातच आहे. कर्ज एकाने उचलले आणि हप्ता दुसऱ्याच्या खात्यातून कापला, असा हा व्यवहार आहे. बँकेत जामीनदाराचे असे होते हे आपल्याला माहीत आहे. पण जामीनदाराने निदान सही तरी केलेली असते.

याचा अर्थ आपल्याकडे काहीच होत नाही असा नाही. भुसावळजवळ दीपनगरला कोळशावर वीज तयार होते आणि तीच वीज आपल्या विहाराच्या पंख्यांना लागते. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात, शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौरऊर्जा प्रकल्प आहे. ज्या उन्हाने आपण भाजतो त्याच उन्हावर वीज निर्माण होते, ही समाधानाची गोष्ट. तो भाग येथे सोडून देतो, कारण वीज कशी करायची हे आपल्या हातात नाही. आपल्या हातात काय आहे, त्याकडे येतो.

मित्रहो, जळगाव जिल्हा केळीचा. रावेर, यावल, मुक्ताईनगर, चोपडा हा सगळा केळीचा पट्टा. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले. केळीचे झाड दिसते धष्टपुष्ट, पण ते फार नाजूक. थंडी वाढली की वाढ खुंटते, ऊन वाढले की पाने करपतात आणि घड सटकतात, आणि मे-जूनमध्ये वादळ आले की उभी बाग अर्ध्या तासात आडवी होते. पूर्वी शेतकरी बागेभोवती शेवरीचे दाट कुंपण लावीत, ते वारा अडवी. आता जागा वाचवण्यासाठी पुष्कळांनी ते काढले. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर गारपीट झाली, तेव्हा आपल्या भागातही उभ्या पिकांची काय दशा झाली होती ती आपण विसरलेलो नाही.

या केळीसाठी शासनाची हवामानावर आधारित फळपीक विमा योजना आहे. विम्याचा हप्ता भरण्याची मुदत जवळ आली की आमच्या काउंटरसमोर रांग लागते, म्हणून ही योजना मला जवळून माहीत आहे. तिची रचना मोठी विचार करण्यासारखी आहे. नुकसान किती झाले हे पाहायला प्रत्येक बागेत कोणी जात नाही. महसूल मंडळात स्वयंचलित हवामान केंद्र असते. ठरलेल्या महिन्यात, सलग ठरलेले दिवस, पारा ठरलेल्या अंशाच्या वर गेला की भरपाई लागू होते. थंडीचेही तसेच. शेतकऱ्यांच्या तक्रारी पुष्कळ आहेत. केंद्र एका टोकाला आणि बाग दुसऱ्या टोकाला. चार दिवस पारा चढतो आणि पाचव्या दिवशी अर्ध्या अंशाने उतरतो, की झाले, हाती काही नाही. या तक्रारी रास्त आहेत आणि त्यांच्यासाठी मोर्चेही निघतात.

परंतु त्या रांगेकडे पाहताना माझ्या मनात नेहमी दुसराच प्रश्न येतो. त्या पाच दिवसांत, त्याच बागेत, तो घड कापणारा आणि खांद्यावरून गाडीपर्यंत वाहून नेणारा मजूर उभा असतो. यंत्रातला पारा केळीसाठी मोजला जातो. त्याच पाऱ्याखाली माणूस असतो, त्याच्यासाठी ठरलेला अंश कोणता? केळीला किती उष्णता सोसते याचा तक्ता शासनाने छापला आहे. मजुराला किती सोसते याचा तक्ता कोणत्या कचेरीत लावलेला आहे? ऊन लागून तो चार दिवस घरी पडला तर त्याची चार दिवसांची मजुरी बुडते, आणि पाचव्या दिवशी तो उठतो तो औषधाचे पैसे उसने घेऊनच.

केळीच्या बागेतले ऊन रस्त्यावरच्या उन्हापेक्षा वेगळे असते, हेही समजून घेतले पाहिजे. बागेत सावली असते, म्हणून बाहेरच्याला वाटते की तेथे बरे असेल. पण ठिबकचे पाणी, दाट पाने आणि कोंडलेली हवा यांमुळे आत दमटपणा असतो. माणसाचे शरीर थंड राहते ते घाम वाळल्यामुळे. हवा दमट असली की घाम नुसता वाहतो, वाळत नाही, आणि शरीर आतून तापत जाते. कोरड्या हवेत जो पारा सहन होतो तो दमट हवेत सहन होत नाही. म्हणून केवळ अंशांचा आकडा पाहून 'आज फार ऊन नाही' असे म्हणणे धोक्याचे आहे.

मजुराचा विमा ही अशक्य कल्पना आहे असे कोणी समजू नये. गुजरातमधील 'सेवा' या असंघटित स्त्री-कामगारांच्या संघटनेने २०२३ पासून आपल्या सभासद महिलांसाठी असाच विमा सुरू केला. पारा ठरलेल्या अंशाच्या वर गेला की त्यांच्या खात्यात थेट पैसे जमा होतात. २०२४ मध्ये या योजनेत महाराष्ट्रातल्या महिलाही होत्या. रक्कम लहान असते, चारशे-पाचशे रुपयांच्या घरातली. पण त्या पैशावर एखादी बाई दोन दिवस दुपारी घरी थांबू शकते. आमच्या बचत गटाच्या भगिनींनी या योजनेची माहिती जरूर मागवावी. अर्ज भरून देण्याचे काम मी करीन.

आता थोडे आपल्या स्वतःच्या सवयींविषयी. येथे काही जणांना राग येईल, त्यांनी तो नंतर चहाच्या वेळी व्यक्त करावा.

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे एक मोठा शासकीय सन्मान सोहळा झाला. लाखो माणसे उघड्या मैदानात भर उन्हात बसली होती. त्यांच्यापैकी १४ जण उष्माघाताने मरण पावले. तेथील पारा आपल्या जळगावपेक्षा कमीच होता, पण हवा समुद्रकाठची दमट होती. सरकारला दोष देणे सोपे आहे आणि तो दिलाही पाहिजे. पण तारीख पाहा. १६ एप्रिल. त्याच्या दोनच दिवस आधी १४ एप्रिल असतो. त्या दिवशी आपण काय करतो? सकाळी पुतळ्याला अभिवादन, नंतर मोटारसायकल रॅली, आणि कित्येक गावांत दुपारीच मिरवणूक. डीजेच्या भिंतीसमोर पोरे तीन-चार तास नाचतात, लहान मुले खांद्यावर असतात, म्हाताऱ्या आया पांढरी पातळे नेसून अनवाणी चालतात. पाण्याची व्यवस्था एखादा उत्साही कार्यकर्ता स्वतःच्या खिशातून करतो. माझे म्हणणे एवढेच आहे की मिरवणूक सूर्य मावळल्यावर काढली तर बाबासाहेबांचा मान कमी होत नाही. पहिल्या ट्रॅक्टरवर डीजेऐवजी पाण्याची टाकी असावी. आणि ज्यांचे वय साठच्या पुढे आहे त्यांना मिरवणुकीच्या रस्त्यावर ठिकठिकाणी मंडप घालून बसवावे. मिरवणूक त्यांच्यासमोरून जाईल.

दुसरी गोष्ट लग्नाची. आपण धम्म स्वीकारला तेव्हा मुहूर्त सोडला. इतरांची अडचण अशी की पंचांगात दुपारी १२ वाजून ३५ मिनिटे निघाली तर तेच खरे. आपल्याला कोणतेच बंधन नाही, मग आपली लग्ने मे महिन्याच्या भर दुपारी का लागतात? विचारले तर सांगतात की शाळांना सुट्टी असते, पाहुण्यांना सोयीचे पडते, कार्यालय त्या वेळी मिळते. ही कारणे मला पटतात, पण महिना पटला तरी दुपार पटत नाही. पत्र्याच्या मंडपात, पाचशे माणसांत, आचाऱ्यांच्या चुलीशेजारी जेवणाची पंगत बसते. स्वयंपाकाकडे असलेल्या बायाबापड्यांचे काय होते ते पाहुण्यांना दिसत नाही. संध्याकाळी सहा वाजता त्रिसरण-पंचशील म्हटले तर ते तितकेच लागू पडते.

आणि तो खिशातला कांदा! उन्हाला निघताना खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही अशी आपल्याकडे समजूत आहे. कांदा खिशात ठेवून काही होत नाही. तो भाकरीबरोबर खावा आणि वर दोन तांबे पाणी प्यावे. गंडेदोरे सोडलेल्या समाजाने कांद्याचा गंडा बांधू नये. ऊन लागलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, त्याची कातडी तापली आणि शुद्ध हरपू लागली तर वाट पाहू नये, कारण हा जीवावरचा प्रसंग असतो. सावलीत घ्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी टाकून वारा घालावा आणि तसेच दवाखान्यात न्यावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते.

अहमदाबादेत मे २०१० मध्ये उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक माणसे जास्त मेली. त्या शहराने त्यातून बोध घेऊन २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला. दक्षिण आशियातला तो पहिलाच. त्यात फार अवघड असे काही नाही. लाट येणार असली की आधी सूचना द्यायची, दवाखान्यांना तयार ठेवायचे, पाणपोया उघडायच्या. पुढे गरीब वस्त्यांतल्या पत्र्याच्या आणि सिमेंटच्या छपरांना पांढरा चुना किंवा रंग लावण्याचे कामही तेथे झाले. पांढरे छत ऊन परत फेकते आणि घरातला पारा काही अंशांनी उतरतो. आपल्या वस्तीत किती घरांवर पत्रा आहे ते मोजून पाहा. दिवसभर तापलेला पत्रा रात्रीही थंड होत नाही. बाप दिवसा उन्हात राबतो आणि रात्री त्याला झोप लागत नाही, तर दुसऱ्या दिवशी त्याचे शरीर उन्हाला तोंड कसे देणार? डॉक्टर मंडळी रात्रीच्या उष्णतेला दिवसाच्या उन्हाइतकेच महत्त्व देतात ते याचसाठी.

पावसाचेही तसेच. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक वाफ धरून ठेवू शकते. त्यामुळे पाऊस येत नाही तेव्हा येत नाही, आणि येतो तेव्हा कोसळतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी चाळीसगावने हे अनुभवले. वर डोंगरात रात्रभर पाऊस कोसळला, तितूर आणि डोंगरी या नद्यांना पूर आला, बाजारपेठेत पाणी शिरले, शेकडो जनावरे वाहून गेली, कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद झाला. एका पुरावरून 'हे हवामान बदलामुळेच झाले' असे म्हणता येत नाही, शास्त्रज्ञही म्हणत नाहीत. पण असे पूर वारंवार येणार हे ते सांगतात. आणि पूर आला की पहिले पाणी कोणाच्या घरात जाते? गावाची रचना ज्यांनी केली त्यांनी आपली वस्ती नाल्याकाठी, सखल जागी ठेवली. जातीने जी जागा दिली, तेथेच आता पाणी येते. पर्यावरणाचा विषय सामाजिक आहे की नाही, ते आपणच ठरवा.

बाबासाहेबांनी पाण्याचा विचार केला नाही असे कोणी समजू नये. २० मार्च १९२७ चा महाडचा सत्याग्रह सर्वांना ठाऊक आहे. पण १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्याच्या योजनेचा पाया त्यांनी घातला, हे आपल्या भाषणांत क्वचितच येते. नोव्हेंबर १९४५ मध्ये ओरिसातील कटक येथे नद्यांच्या प्रश्नावर बोलताना त्यांनी मांडलेला विचार असा होता की अतिरिक्त पाण्याला आपत्ती समजून ते कसे घालवावे याचा खल करण्यापेक्षा ते साठवून माणसाच्या उपयोगात कसे आणावे हे पाहावे. ऐंशी वर्षांपूर्वीचा हा विचार चाळीसगावच्या पुराला आणि त्याच तालुक्यातल्या उन्हाळ्यातल्या टँकरला आजही लागू पडतो.

धुळ्याची मंडळी येथे आहेत म्हणून सांगतो. ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब एका खटल्याच्या कामासाठी धुळ्यास आले होते आणि लळिंगच्या कुरणातील लांडोर बंगल्यावर त्यांचा मुक्काम झाला. त्या आठवणीसाठी दर वर्षी ३१ जुलैला आपली हजारो माणसे तेथे जातात. ती जागा म्हणजे जंगल आहे, खानदेशात दुर्मीळ झालेले कुरण आहे. मोरांच्या त्या रानात आपण माणसे जमवतो आणि मागे प्लास्टिकचे पेले, पत्रावळी, पाण्याच्या बाटल्या सोडून येतो. सगळेच मेळावे असे करतात, हे खरे. पण त्या बंगल्याचे मोल आपल्याला अधिक आहे. तेव्हा कचऱ्याची पोतीही आपणच भरून आणावीत. विनयपिटकात वर्षावासाचे कारण दिले आहे ते हेच. पावसाळ्यात भिक्खू चारिका करतात आणि कोवळे गवत व बारीक जीव तुडवतात, अशी लोकांची तक्रार होती. तथागतांनी ती मानली आणि तीन महिने एका जागी राहण्याचा नियम केला. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. अलीकडे त्या दिवशी पाऊस आलेला असतोच असे मात्र नाही.

वृक्षारोपणाविषयी दोन शब्द सांगतो, कारण पर्यावरण म्हटले की आपल्याला तेवढेच सुचते. ५ जूनला खड्डा खणला जातो, पाहुणे येतात, फोटो निघतो, आणि पुढच्या ५ जूनला पुष्कळदा तोच खड्डा उपयोगी पडतो. झाड लावण्यापेक्षा झाड जगू देणे महत्त्वाचे आहे, हे ज्यांनी करून दाखवले ती माणसे आपल्या शेजारीच आहेत. साक्री तालुक्यातले बारीपाडा हे छोटे आदिवासी गाव. १९९० च्या सुमारास तेथला डोंगर उघडा पडला होता आणि बायका पाण्यासाठी वणवण फिरत. चैत्राम पवार या गावच्याच तरुणाने लोकांना एकत्र केले. कुऱ्हाडबंदी झाली, तोडणाऱ्याला दंड ठरला, राखण गावानेच केली. आज तेथे चारशे हेक्टरांहून अधिक जंगल उभे आहे, विहिरींना पाणी आहे, आणि रानभाज्यांचा उत्सव पाहायला दुरून लोक येतात. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. ते एम.कॉम. आहेत. बँकेची परीक्षा दिली असती तर आमच्यासारखे खुर्चीत बसले असते. गावाचे नशीब, दिली नाही. धुळे तालुक्यातल्या लामकानीतही चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी करून गावाने उघड्या टेकड्यांवर गवत परत आणले.

मात्र येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. बारीपाड्यात जंगल टिकले, कारण नियम गावाने केला आणि जंगलाचा लाभही गावाला मिळाला. नियम वरून लादला आणि लाभ दुसऱ्याला गेला की गरिबाला पर्यावरण म्हणजे आणखी एक साहेब वाटू लागतो. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली आपल्या आधीच्या पिढीने भूमिहीनांसाठी सत्याग्रह केले, तुरुंग भोगला. त्यातून काहींच्या हाती गायरानाचा तुकडा आला. आज 'हरित' म्हणून कोणतीही योजना गावात आली की पहिली नजर त्याच गायरानावर जाते. झाडे लावा, सौर पॅनेल लावा, आमचा विरोध नाही. पण ती जमीन कोण कसतो, हे ग्रामसभेत आधी विचारले गेले पाहिजे, आणि ग्रामसभेला आपण हजर असलो पाहिजे. पांझरेच्या काठची आपली जुनी फड पद्धत पाहा. बंधाऱ्याचे पाणी पाटाने फडाला द्यायचे, फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, पाटकऱ्याने पाळी सांभाळायची. तीन-चारशे वर्षे ती चालली आणि तज्ज्ञ तिचे कौतुक करतात, ते योग्यच आहे. मी त्या कौतुकात एक ओळ जोडतो. पाणी जमिनीच्या हिशेबाने मिळे. ज्याला जमीन नव्हती त्याला त्या शहाणपणात वाटा नव्हता.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी अध्यक्षांनी पाठवली आहे, तेव्हा कामाचे बोलतो. आपल्या विहाराच्या सभागृहाला वर सिमेंटचा पत्रा आहे. तो पांढरा करून घेण्यास फार पैसे लागत नाहीत; चुना आणि दोन दिवसांची मजुरी. ते काम फेब्रुवारीत व्हावे, मे उजाडल्यावर नव्हे. दुसरे, एप्रिल आणि मे हे दोन महिने दुपारी बारा ते चार हे सभागृह उघडे ठेवावे. चौकात कामाची वाट पाहणारे मजूर, हातगाडीवाले, भाजी विकणाऱ्या बाया यांना तेथे बसता येईल. कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा हे विचारण्याचा प्रश्नच नाही. पाण्याचे दोन माठ आणि ओआरएसची पाकिटे ठेवावीत. तिसरे, जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा की २०२४ सारखा आदेश दर वर्षी पारा चढण्यापूर्वीच निघावा आणि त्यात शेतमजुरांचा स्पष्ट उल्लेख असावा. अर्जाचा मसुदा मी आणला आहे, सह्यांसाठी तो चिटणीसांच्या टेबलावर ठेवतो.

सभागृह दुपारी उघडे ठेवायचे तर किल्ली कोणाकडे राहील आणि माठ कोण भरील, एवढे आजच्या बैठकीत ठरवून घ्यावे, ही विनंती.

जयभीम.